थरथर निवारण समिती

अस्थिरता यंत्रात नसते, ती बघणाऱ्याच्या नजरेत असते. हे थोर सत्य कुडाळजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने शोधून काढले, आणि त्यासाठी नऊ जणांची समिती नेमावी लागली (पैकी आठ जणांनी व्होल्टमीटर पाहिला होता, कपाटात).

नववी चारुता, तिथली तरुण प्राध्यापिका. होडीच्या चोवीस व्होल्टच्या बॅटरीतून वायरलेसला नेमके बारा व्होल्ट देणारा डबा तिने आखला होता. आतला स्विच सेकंदाला दोन लाख वेळा उघडमीट करतो आणि बाहेर किती व्होल्ट गेले याची खबर फीडबॅकने आत येते. तारकर्लीचे धोंडूकाका तो आपल्या होडीत पहिल्यांदा बसवणार होते. भर दर्यात इंजिन बंद पडले, तर किनाऱ्याला हाक मारायला त्यांच्याकडे तो वायरलेसच.

पण संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये बोलायचे बटण दाबून भार वाढवला, की बाराचे कधी आठ होत, कधी सोळा, आणि ही थरथर थांबायचे नाव घेत नसे. कारण चारुताला कळले होते. खबर उशिरा पोचत होती आणि सर्किट वरातीमागून घोडे दामटत होते. फीडबॅकमधला एक रेझिस्टर, एक कपॅसिटर बदलून पुन्हा तपासायला आठ दिवस हवे होते. विभागप्रमुख कौस्तुभ सरांकडे आठ दिवस नव्हते. त्यांच्याकडे सोमवारचा हस्तांतरण सोहळा होता, मंडपासकट.

समितीने मग शास्त्रीय उपाय योजले. थरथर तिसऱ्या मिलिसेकंदाला सुरू होते, सबब सिम्युलेशन दुसऱ्यालाच थांबवले. एका सदस्याने बोलायचे बटणच काढायला सुचवले (नुसता ऐकणारा मच्छीमार अधिक शिस्तीचा असतो). अखेर आलेखाची उभी पट्टी दोन हजार व्होल्टपर्यंत ताणली, आणि रेघ सुतासारखी सरळ आली. थरथरीत शंभर टक्के घट.

मंजुरीआधी संगणकापुढे नारळ ठेवला. हेडक्लार्क बाबली गावच्या देवळातही देवाला गाऱ्हाणे घालतात, त्यांनी सुरू केले आणि समितीने एका सुरात साथ दिली.

"ह्या चेडवाच्या डब्यात जी काय थरथर आसा, ती भायरच्या भायर घालव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि रेघ सरळ झाली, असा सगळे मानतत म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

चारुताही म्हणाली. गाऱ्हाण्यात नाही म्हणायला जीभ वळत नाही, लहानपणापासूनची सवय. इतिवृत्तात नोंद झाली: ठराव एकमताने मंजूर, ग्रामदेवता साक्षी. घरी जाताना तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

सोमवारी धोंडूकाकांनी हार घालून घेतला आणि आलेख बराच वेळ न्याहाळला.

"चेडवा, लांबसून दर्यो पण असोच सपाट दिसता," ते हळूच म्हणाले. "होडीत लावू काय नको, ता सांग."

"नको, काका. रेघ खोटी आसा. माका आठ दिस देवा."

ती माइकवरून बोलली नव्हती, तरी कौस्तुभ सरांना ऐकू गेले. त्याच संध्याकाळी "गाऱ्हाण्याचा अवमान" या कारणास्तव चारुता समितीतून कमी झाली, आणि दुरुस्तीसाठी तिला लॅबची किल्ली मिळेना.

काकांनी डबा फळीवर ठेवला आणि वायरलेस आधीसारखाच वेगळ्या जुन्या बॅटरीवर चालवला. दोन महिन्यांनी अहवाल निघाला: यंत्रात एकही बिघाड नाही. (ते खरेच होते. ते एकदाही चालू केले नव्हते.) त्या आधारावर आणखी चाळीस होड्यांना तसेच डबे वाटायचे ठरले. ते होडीवाले मात्र चारुताला ओळखत नाहीत.

समितीत तिची जागा अजून रिकामी आहे. पात्रता एकच, समोर आलेले न वाचता मान्य करता आले पाहिजे. अर्ज मागवायची गरज पडली नाही. गेल्या आठवड्यात मोबाइलवर अटींची चौदा पाने आली होती, तेव्हा थेट खाली जाऊन "मान्य आहे" दाबलेत ना? अभिनंदन, तुमची निवड झाली आहे. होड्या गुरुवारी सुटतात. तेवढी सही करून द्या.