सात रिकामी पाकिटं

पहिली शंका मला रबरबँडमुळे आली. गोळ्या संपलेल्या पाकिटाला रबरबँड कोण लावतं?

पिशवी बायजाआत्यांची होती. बायजाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण. शिवथरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. म्हशी, शेळ्या आणि नाचणी सांभाळून त्या महिन्यातून एकदा महाडला उतरतात, आमच्याकडे एक रात्र राहतात आणि दुसऱ्या दिवशी साडेचारच्या एसटीने परत जातात. माझ्या लग्नाला आठ महिने झाले, म्हणजे त्या आठव्यांदा आल्या होत्या आणि मी आठव्यांदा घाबरले होते. (त्या ओरडत नाहीत. नुसत्या बघतात.)

तर सकाळी खुंटीवर त्यांची कापडी पिशवी होती आणि पिशवीत गोळ्यांची सात रिकामी पाकिटं. एकाला रबरबँड, एकाला लाल दोरा, एकाला केसांची पिन, उरलेल्यांना कसले कसले दोरे. मला ते विचित्र वाटलं. पण मला दिवसातून चाळीस गोष्टी विचित्र वाटतात, त्यामुळे एखादी खरोखरच विचित्र गोष्ट आली तर तिला रांगेत उभं राहावं लागतं.

आता पेटीबद्दल सांगते. नाक्यावरच्या कमलाकरशेठांच्या मेडिकलमध्ये महिन्यापूर्वी एक पेटी आली. ‘औषधांची रिकामी पाकिटं इथे टाका.’ ती पाकिटं पोलादपूरच्या गोदामात जातात, तिथून कुठल्याशा कारखान्यात, आणि तिथे त्यांतलं प्लास्टिक नि ॲल्युमिनियम वेगळं करतात म्हणे. मी पर्यावरणशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेय. ती पेटी माझ्यासाठीच ठेवलीय, असं मला वाटलं. अडचण एवढीच, की आमच्या घरात कोणी आजारीच पडेना. महिन्याभरात माझं योगदान काय, तर निषादच्या ॲसिडिटीचं एक पाकीट. (निषाद म्हणजे नवरा. ॲसिडिटी माझ्या स्वयंपाकाने होते असं तो कधी म्हणत नाही. गोळी घेतो फक्त.)

आणि इथे एकदम सात! आत्या मागच्या अंगणात नारळ सोलत होत्या. त्यांना विचारावं असं मनात आलं. मग त्या बघतील, असंही मनात आलं. मी पिशवीच घेऊन निघाले.

पेटीवर बारीक अक्षरात सूचना होती : ‘कागद, दोरा, रबर काढून टाकावे.’ मी सूचना पाळणारी मुलगी आहे. रबरबँड काढला, दोरे सोडले, पिन काढली, सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि सातही पाकिटं एकेक करून पेटीत सोडली. घरी आल्यावर रिकामी पिशवी खुंटीला अडकवली. पृथ्वीसाठी काहीतरी केल्यावर भूक चांगली लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

जेवणं झाल्यावर आत्यांनी जमिनीवरच अंग टाकलं.

“चार वाजता उठव गो मला. मेडिकलला जायाचं हाय. वाडीच्या गोळ्या न्यायच्यात.”

“डॉक्टरांची चिठ्ठी आहे ना, आत्या?”

“चिठ्ठी कशाला? पाकिटं हायत ना. रिकामं पाकीट शेठला दाखवायचं, तसंच भरलेलं घ्यायचं. ती इंग्लिश नावं कोनाला येतात? पिन लावली ती शेजारच्या आवडीची, रबर माझं, लाल दोरा रायबाचा.”

माझ्या हातातलं ताट हातातच राहिलं.

“आणि… समजा, एखादं हरवलं तर?”

“हरवंल कशाला? रिकामं पाकीट कोन नेतंय?”

मी हसले. तसं हसू मी पूर्वी एकदाच हसले होते, तोंडी परीक्षेत.

“रायबाचं तेवढं जपून ठेवलंय,” आत्या डोळे मिटून म्हणाल्या. “बीपीची गोळी. मुंबयच्या डाक्टरनं दिलीय. शेवटची आजच्यासाठी काढून ठेवलीन त्यानं. मागं दोन दिस चुकली तर गोठ्यात चक्कर येऊन पडला, म्हशीच्या पायाशी. आता चुकवू नको म्हनून बजावलंय.”

पुढची खेप महिन्याने. मी ताट ठेवलं, “कोथिंबीर आणते हं,” असं घोरणाऱ्या आत्यांना सांगितलं आणि पळाले.

मेडिकलचं शटर अर्धं खाली आलेलं. सरोजवहिनी, म्हणजे कमलाकरशेठांची बायको, कुलूप शोधत होत्या.

“वहिनी, पेटी!”

“गेली की. आत्ताच टेम्पो घेऊन गेला पोलादपूरला.”

“शेठ कुठायत?”

“झोपलेत. चारला उठतील.”

“उठवा ना! औषधांचं आहे.”

“त्यांना दुपारचं उठवायचं?” वहिनींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “लग्नाला किती झाले गं तुझ्या? आठच महिने ना? कळेल हळूहळू.” आणि शटर खाली आलं.

मी पोलादपूरची मिनिडोर रिक्षा पकडली. वाटेत निषादला सहा फोन केले. त्याच्या कंपनीत मोबाइल गेटवर जमा करतात, हे मला माहीत होतं. तरी केले. कमलाकरशेठांना नऊ केले. मिनिडोरमधल्या एका आजोबांनी विचारलं, “कोन सिरियस हाय का गो?” मी म्हटलं, “अजून नाही.” त्यांनी त्यांची पिशवी थोडी लांब सरकवली.

पोलादपूरच्या गोदामात सुनील नावाचे गृहस्थ पोत्यांची तोंडं शिवत बसले होते.

“दादा, माझी पाकिटं चुकून इकडे आलीत.”

“कसली होती?”

“रिकामी.”

सुनीलदादांनी सुई थांबवली. मग पोत्यांच्या ढिगाकडे पाहिलं. “ताई, इथं सगळी रिकामीच आहेत.”

“सात आहेत. एकाला लाल दोरा होता.”

“मग सोपं आहे.”

“तो मी काढून टाकला.”

“का?”

“तुमच्या पेटीवर सूचना होती.”

त्यांनी सुई पोत्यात खोचली. “ती सूचना वाचणाऱ्या तुम्ही पहिल्याच,” ते म्हणाले आणि महाडचं पोतं माझ्यासमोर ओतलं. “पाचला गाडी येते. तोवर बघा.”

मी बसले. महाडला किती ॲसिडिटी आहे, हे त्या दुपारी मला समजलं. निषादचं पाकीट दोनदा सापडलं (म्हणजे तसलीच दोन). पण रायबांचं? निळं होतं की चंदेरी? सकाळी सातही पाकिटं मी स्वतःच्या हातांनी पेटीत टाकली होती आणि आता आठवत होता फक्त दोरा. बीपीची म्हणून तीन वेगवेगळी पाकिटं निघाली. त्यांतलं कुठलंतरी उचलून न्यायचं? नको. चुकीच्या गोळीने रायबा पुन्हा म्हशीच्या पायाशी पडले असते आणि या वेळी मी पाडले असते.

सुनीलदादांनी चहा दिला. “किती मिळाली?”

“एकशे बारा बघून झाली.”

“तुमच्या सातांपैकी?”

“ते कळायला मार्ग नाही.”

चार वाजून दहा मिनिटं. साडेचारची एसटी मला दिसत होती : खिडकीत आत्या, मांडीवर रिकामी पिशवी आणि तिकडे वाडीत वाट बघणारी सहा घरं. कमलाकरशेठांना एकविसावा फोन लावला. रिंग वाजत राहिली. मी देवाला म्हटलं, यापुढे पृथ्वीसाठी काही करणार नाही. आणि तेवढ्यात कोणीतरी फोन उचलला.

“शेठ!” मी ओरडले. सुनीलदादांच्या हातावर चहा सांडला. “शेठ, वाडीच्या सातजणांच्या गोळ्या, पाकिटं गेली, चूक माझी आहे, रायबांची बीपीची—”

“अगो, वरडतेस कशाला?” पलीकडे बायजाआत्या होत्या. “मी हाय. शेठ गोळ्या बांधतोय, हात गुंतलाय त्याचा. पिशवी रिकामी बघून मी पन घाबरले. पन ह्याला सगळ्या वाडीच्या गोळ्या तोंडपाठ, ते मला तरी कुठं ठावं होतं! सातीच्या साती मिळाल्या.” मग त्यांचा आवाज लांब गेला, “शेठ, सापडली हो सापडली!” आणि पुन्हा जवळ आला. “तू हाईस कुठं? निम्मं महाड तुला शोधतंय. शेठ मघाधरनं इचारतोय, हरवली ती दिसायला कशी, आनि मला मेलीला तुझं काय म्हनता काय सांगता येईना.”