अर्डिथ प्रुइट चाकांवरचं घर तपासून घेते

नवी वस्तू ताब्यात घ्यायची तर आधी तिचा पुरता जीव काढायचा, असा अर्डिथ प्रुइटचा नेमच होता. गाय घेतली तेव्हा तिनं गाईचे दात पाहिले आणि विकणाऱ्याची नजरही. जावई तीन, तिघेही पारखून घेतले. त्यातला एक तर चक्क परत पाठवला! शाळा आठवीतच सुटली होती, पण अमेरिकेतल्या मिझुरीच्या त्या अख्ख्या टापूत तिला आजवर कुणी गंडवलं नव्हतं. चाकांवरची घरं विकणारा डुएन काय गंडवणार?

फिफ्थ-व्हील म्हणजे घरच की! चूल, फ्रिज, न्हाणीघर, दोन पायऱ्या चढून निजायची खोली, आणि बटण दाबलं की बाहेर सरकणारी भिंत. पुढे हंसासारखी लांब मान. ट्रकला जोडायचं आणि निघायचं.

आणि हे घर तिला आज, शनिवारीच हवं होतं. संध्याकाळी तलावाकाठी प्रुइटांचं सगळं गोत जमायचं होतं. दरवर्षी जमायचं, आणि दरवर्षी अर्डिथ आपल्या नणंदेच्या, नेल्डाच्या, बसएवढ्या राहत्या गाडीत सोफ्यावर पाय दुमडून झोपायची. "अर्डिथ, नळ जरा हळू सोड हं." "अर्डिथ, ओला टॉवेल तिथं नको गं, लाकूड फुगतं." लाकूड फुगायच्या आधी अर्डिथच फुगायची! यंदा तिनं एकेकाला फोन करून बजावलं होतं, "रात्रीचं जेवण माझ्याकडे. माझ्या स्वतःच्या घरात."

तिच्या नवऱ्यानं, हार्लननं, सकाळीच ट्रक काढला. मागचा हौदा शिगोशीग भरलेला. दोन हॅम, राजम्याचं पातेलं, पीचच्या बरण्या, घडीच्या खुर्च्या, गोधड्या, बिडाची कढई. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर. हार्लननं उभा जन्म एक चिमुकला कॅम्पर, म्हणजे चाकांवरची खोली, ट्रकच्या शेपटीला, बंपरवरच्या लोखंडी गोळ्याला अडकवून ओढला होता. सामान हौद्यात, कॅम्पर मागे. त्यांच्या घरात प्रवास असाच व्हायचा. तो कॅम्पर मोडीत निघाला तेव्हापासून नेल्डाचा सोफा नशिबी आला होता.

"या, अर्डिथबाई!" डुएन हात पुढे करून धावत आला. पन्नाशीचा गडी, पण हसणं लग्नातल्या फोटोसारखं. "ट्रकची किल्ली द्या. तुम्ही घर बघा, तोवर माझी माणसं हौद्यात—"

"हौद्याला हात लावायचा नाही!"

"अहो, पण जोडणी बसवायची—"

"सगळं बसवून, आवळून आणलंय. हार्लननं स्वतः! होय ना रे?"

दोरांच्या गाठी खरंच हार्लननं मारल्या होत्या. त्यानं मान डोलावली.

"वा! मग माझं निम्मं काम झालं," डुएन खुशीत म्हणाला. बिचारा.

मग तपासणी सुरू झाली. तपासणी कसली, झडतीच! अर्डिथनं सगळे नळ एकदम सोडले आणि सिंकखाली डोकं घालून बसली. शौचालयात कागदाची अख्खी गुंडाळी सोडून पाणी ओढलं. बूट काढून पलंगावर आडवी झाली, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, आणि हार्लनलाही बाजूला झोपवलं.

"घोर जरा," ती म्हणाली.

"अगं, जागेपणी कसा घोरू?"

"चर्चमध्ये घोरतोस तेव्हा जागाच असतोस म्हणतोस ना? घोर!"

हार्लन घोरला. पलंग कुरकुरला नाही. पलंग पास!

मग हार्लनला शिडीवरून छतावर चढवलं. डुएनला भिंत सात वेळा आतबाहेर करायला लावली. सातव्या वेळी भिंतही दमल्यासारखी कण्हली, तर तिच्या कडेला तेल घालायला लावलं.

"अर्डिथबाई, लोक साधारण तासाभरात सही करतात हो," डुएन कपाळ पुसत म्हणाला.

"लोकांकडे नेल्डा नसते."

तिनं पिशवीतून मक्याचं पीठ, ताक आणि अंडी काढली. शेगडी पेटते एवढं बघून तिचं समाधान होणार नव्हतं. तिनं ओव्हनमध्ये मक्याचा पावच लावला! पाव भाजून होतो तोच सिंकखालून टप्, टप्.

"गळतंय!" ती अशी ओरडली की जणू सोन्याची खाण लागली. "मला विकत होतास ना गळकं घर?"

डुएनची माणसं पाने घेऊन धावली. नळी बदलली. खिडकीचा सुटलेला रबर चिकटवला, कपाटाचा हरवलेला स्क्रू लावला. दुपार कलली तशी अर्डिथनं दिमाखात सही केली आणि हात झटकले. "हं, आता जोडा!"

हार्लननं ट्रक मागे घेतला. डुएन मागे उभा राहून हातवारे करत होता. त्याचे हात हवेतच थांबले.

"तुमची जोडणी कुठाय?"

"ही काय," हार्लननं बंपरच्या गोळ्यावर प्रेमानं थाप मारली.

डुएननं डोळे मिटले. उघडले. गोळा तिथंच होता. "हार्लनसाहेब, हे घर शेपटीला नाही अडकवत. याची ही मान आहे ना, ती हौद्यात बसते. हौद्यात मधोमध लोखंडी बैठक लागते. ती आज बसवायची होती. सकाळी!"

सगळ्यांनी हौद्याकडे पाहिलं. ताडपत्रीखाली हॅम शांत पहुडले होते.

"मग हे सकाळीच सांगायला तुझी जीभ काय रजेवर होती?" अर्डिथ कडाडली.

"अहो, मी सांगत—"

"सांगत असतास तर मी ऐकलं नसतं का?"

हार्लननं आभाळाकडे पाहिलं. आभाळ निरभ्र होतं. तिथूनही काही मदत येण्यासारखी नव्हती.

बैठक बसायला संध्याकाळ उलटणार, असं डुएननं सांगितलं. तलाव दोन तासांवर. म्हणजे जेवण गेलं. म्हणजे नेल्डा जेवण वाढणार आणि वर म्हणणार, "असू दे गं, होतं असं." पण फोन अर्डिथनंच लावला.

"नेल्डा, जेवण ठरल्याप्रमाणे माझ्याकडेच. फक्त माझं घर अजून दुकानात आहे. सगळ्यांना घेऊन इकडे ये."

नेल्डा म्हणाली, "बटाट्याचं सॅलड आणू?"

"आण. थोडंच आण."

हौदा रिकामा झाला, सामान नव्या घरात गेलं, आणि ऊन उतरता उतरता प्रुइटांच्या गाड्या विक्रीच्या आवारात रांगेनं शिरल्या. खुर्च्या मांडल्या, हॅम कापले, राजमा तापला. पोरं नव्या घरात सहा वेळा भिंत आतबाहेर करून आली. आवारात गिऱ्हाइकं होती. हॅमचा वास आल्यावर तीही ताटं घेऊन रांगेत उभी राहिली.

"हे घराबरोबर फुकट मिळतं का हो?" एका टोपीवाल्यानं विचारलं.

"फुकट नाही. बसून, देवाचे आभार मानून खायचं," अर्डिथनं त्याच्या ताटात मक्याचा पाव आदळला.

डुएननं तीनदा राजमा घेतला. हौद्यात हातोडे चालू होते, इकडे गप्पा चालू होत्या, आणि अर्डिथ दारातल्या पायरीवर राणीसारखी उभी राहून वाढत होती. नेल्डा आतून सगळं पाहून आली. ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून पाहिला, बंद केला.

"घर छान आहे गं," ती म्हणाली. "पण अर्डिथ, ते अजून वीतभरही हललेलं नाही."

अवघं गोत घास तोंडात धरून थांबलं.

"घर आहे, नेल्डा," अर्डिथ मान ताठ करून म्हणाली. "घरं जागेवरच असतात. हलतात त्या बसगाड्या!"

आणि पदवी मिळाल्यासारखी वळून ती आत गेली, दार धाडकन लावून घेतलं.

दिवसभर सगळं तपासलं होतं. दार मात्र आल्यापासून सताड उघडंच होतं, त्यामुळे ते बंद राहतं का हे कुणी पाहिलं नव्हतं.

ते राहिलं नाही. हळूच, अगदी सावकाश, पुरतं उघडलं. आणि साऱ्या प्रुइटांना, डुएनला आणि टोपीवाल्याला दिसलं की अर्डिथ प्रुइट ओव्हनच्या दाराला गाल टेकवून, दोन्ही हातांनी शेगडीला मिठी मारून बसली आहे.