अठ्ठ्याऐंशीव्या अंकाचं शेवटचं पान

रविवारी सकाळी चनबसप्पा हत्तुरे यांनी लोखंडी पेटीचं झाकण उघडलं, नेहमीप्रमाणे डोळे मिटून आत नाक घातलं आणि खोल श्वास घेतला. जुन्या कागदाचा तो वास आठवड्यातून एकदा घेतला नाही तर त्यांना अन्न गोड लागत नसे. आज मात्र वासाबरोबर नाकात मातीही गेली. ते दणदणीत शिंकले, डोळे उघडले आणि तसेच उघडे ठेवून बसले. पेटीच्या गंजलेल्या कोपऱ्यातून वाळवी आत आली होती. ‘निळा निशाणबाज’ या चित्रकथेच्या अठ्ठ्याऐंशी अंकांपैकी खालच्या बारा अंकांची पार जाळी झाली होती.

“काय झालं ओ?” स्वयंपाकघरातून सिद्धेश्वरीबाईंनी विचारलं.

“काय न्हाय. सर्दी हाय.”

बाई आल्या, त्यांनी पेटीत डोकावलं आणि म्हणाल्या, “सर्दी पार बुडापर्यंत गेलीय की.”

“हळू बोल! कुणाला कळता कामा न्हाय. आज तरी न्हाय.”

आज न कळण्याला कारण होतं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चौतीस वर्षे स्टोअरकीपर म्हणून काढलेल्या चनबसप्पांनी नोकरीत कधी एक नट हरवला नव्हता, आणि घरच्या पेटीतलं एक पान दुमडू दिलं नव्हतं. आज दुपारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये ‘जुनी चित्रकथा: कागदावर की पडद्यावर?’ असा वाद होता. कागदाच्या बाजूने चनबसप्पा बोलणार होते. पडद्याच्या बाजूने बोलणार होता त्यांचा शाळेपासूनचा दोस्त बंदेनवाज. बंदेनवाजचा मालट्रकचा धंदा होता, पण जीव होता टॅबमध्ये. देशभरातल्या हौशी लोकांकडून स्कॅन मागवून त्याने चार हजार अंक त्या काळ्या पाटीत भरले होते.

त्या चार हजारांत एकच पान नव्हतं. ‘निळा निशाणबाज’च्या अठ्ठ्याऐंशीव्या, म्हणजे अखेरच्या अंकाचं शेवटचं पान. त्या पानावर निशाणबाज पहिल्यांदा आणि शेवटचा आपला बुरखा काढतो. पण छापणाऱ्यांनी नेमकं त्याच पानाच्या पाठीवर बक्षिसाचं कुपन छापलं होतं. पोरांनी कुपन कापलं, त्याबरोबर निशाणबाजाचं तोंड गेलं, आणि महिनाभरात प्रकाशनही बंद पडलं. चनबसप्पांच्या वडिलांनी पोस्टाच्या तिकिटाला पैसे दिले नव्हते, म्हणून त्यांचं पान तेवढं शाबूत राहिलं.

बंदेनवाजने त्या पानाच्या फोटोसाठी काय काय केलं नव्हतं! ईदचा शीरखुर्मा दोनदा पाठवला, मुलीच्या लग्नात सामानासाठी ट्रक दिला. चनबसप्पांचं उत्तर एकच. “घरी ये, हात धू, पेटीजवळ बस आणि कागदावर बघ. फोटो काढायचा न्हाय. मी मेल्यावर बी न्हाय.” त्यावर बंदेनवाजचंही उत्तर एकच. “बघीन तर स्क्रीनवर बघीन. तुझ्या कागदाकडे नजर बी टाकणार न्हाय. ना मामू, नक्को.” अशी पंधरा वर्षे गेली होती. शेवटचं पान एकाच्या घरात होतं, दुसरा रोज त्या घरावरून जायचा, आणि दोघंही हटत नव्हते.

अशा माणसापुढे आज वाळवीचं नाव निघणं म्हणजे संपलंच.

“उन्हात टाका सगळे,” सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. “एप्रिलचं ऊन हाय. वाळवी काय, वाळवीचा बाप मरंल.”

सल्ला चांगला होता. चनबसप्पांनी एकेक अंक गच्चीवर नेला, चादर अंथरली आणि क्रमाने मांडला. वर वजन म्हणून वाटी, पेला, उलथणं, वरवंटा, मिळेल ते ठेवलं. ब्याऐंशीव्या अंकापर्यंत घरातली भांडी संपली. शेवटच्या सहा अंकांवर त्यांनी स्वतःच्या चपला, सिद्धेश्वरीबाईंच्या चपला आणि दोन कांदे ठेवले. अठ्ठ्याऐंशीव्याला एक कांदा मिळाला.

दहाच्या सुमाराला वावटळ उठली. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती उठतेच, त्यात तिचा काही दोष नाही. कांदा गडगडत निघाला तो पन्हाळीत गेला. अठ्ठ्याऐंशीव्याची पानं वाचली होती, पण शिलाईचा दोरा वाळवीने आधीच फस्त केला होता, त्यामुळे अंक उडाला नाही, अंकाची पानं उडाली. चनबसप्पा अनवाणी त्यांच्यामागे धावले. फरशी अशी तापली होती की बघणाऱ्याला ते नाचतायत असं वाटलं असतं. एक पान त्यांनी पायाखाली दाबलं, एक दातात धरलं, दोन बनियनमध्ये कोंबली. शेवटचं पान मात्र कठडा ओलांडून शेजारच्या राजाबाईंच्या गच्चीवर उतरलं.

राजाबाईंनी पहाटेपासून खपून तांदळाचे दोनशे पापड वाफवून प्लॅस्टिकवर घातले होते. वळसंगला लेकीच्या सासरी न्यायचे होते. पापड अजून ओले होते. पान चार पापडांवर पालथं पडलं आणि चिकटून बसलं.

राजाबाई खाली आंघोळीला गेल्या होत्या. चनबसप्पांनी आवाज दिला नाही. कठड्यावरून पलीकडे उतरायचा प्रयत्न केला, तेव्हा गुडघ्याने नकार दिला. जिन्याने फिरून जावं तर राजाबाईंचं दार आतून बंद. अर्ध्या तासाने दार उघडलं तेव्हा ऊन चढलं होतं आणि पान पापडावर पक्कं बसलं होतं. चनबसप्पांनी नखाने अलगद कोपरा उचलला. कोपरा हातात आला. दुसरा उचलला, तोही हातात आला. पाच मिनिटांत पानाच्या चिंध्या झाल्या, त्याही चित्राच्या बाजूने पांढऱ्या. शाई कुठं गेली म्हणून त्यांनी खाली पाहिलं. सगळी शाई चार पापडांवर उतरली होती. निळा निशाणबाज पापडावर उलटा छापला गेला होता.

“अय्यो! हे काय केलाव अण्णा?” मागून राजाबाई ओरडल्या. “कुणाचं थोबाड हे माझ्या पापडावर?”

“वैनी, हळू. चारच हायत.”

“चार? बनियनातनं काय काय पडतंय बघा तुमच्या! वीस पापड तुडवलाव!”

चनबसप्पांनी मागे पाहिलं. नाचत आलेल्या तळव्यांच्या खुणा पापडांवर स्पष्ट होत्या. त्यांनी हात जोडले, नवे पापड करून देतो म्हणाले, आणि चिंध्या खिशात घालून घरी आले. पंचेचाळीस वर्षे सांभाळलेलं पान खिशात मूठभरही भरत नव्हतं. ते बराच वेळ पेटीच्या झाकणावर बसून राहिले. सिद्धेश्वरीबाईंनी पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला.

“जाऊ नका आज,” शेवटी त्या म्हणाल्या. “तब्येत बरी न्हाय म्हणून कळवते.”

चनबसप्पा ताडकन उठले. “जाणार! त्या पाटीवाल्याला मैदान मोकळं सोडू व्हय?”

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. ग्रंथपाल वैजयंतीबाईंनी पडदा, माइक, पाणी अशी झकास व्यवस्था केली होती. पहिला बंदेनवाज बोलला. त्याने टॅब जोडला आणि पडद्यावर पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ असं झळकलं की मागच्या रांगेतला म्हाताराही पुढे वाकला.

“चार हजार अंक ह्या एका पाटीत हायत,” बंदेनवाज म्हणाला. “ना धूळ, ना उंदीर, ना वाळवी. डोळे गेले तर अक्षर मोठं करा. नातू दुबईला गेला तर तिकडं धाडा. आमचे चन्नासाहेब म्हणतात वास पाहिजे. अरे, वाचायचंय का हुंगायचंय?”

टाळ्या पडल्या. चनबसप्पा उठले. त्यांनी धडधाकट राहिलेले चार अंक पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. इथपर्यंत ठीक होतं. पण माइक हातात आला की माणसाचं भान सुटतं.

“ह्या पाटीचं चार्जिंग संपलं की चार हजार अंक मेले! माझ्या पेटीला वायर लागत न्हाय, पासवर्ड लागत न्हाय. पंचेचाळीस वर्षं झाली. माझ्या पेटीतलं एक पान जागचं हाललेलं न्हाय!”

“हाललं न्हाय?” दारातून आवाज आला. “हाललं न्हाय तर माझ्या पापडावर येऊन बसलं कसं?”

राजाबाई होत्या. हातात परात होती, परातीत ते चार पापड जसेच्या तसे मांडलेले. मागे सिद्धेश्वरीबाई “अहो, मी नको म्हनत हुते” अशा चेहऱ्याने उभ्या होत्या. राजाबाई सरळ टेबलापाशी आल्या आणि परात ठेवून त्यांनी वाळवीपासून तळव्यापर्यंत सगळा वृत्तांत माइकशिवाय सांगितला. तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. लोक इतके हसले की वैजयंतीबाईंनी दोनदा टेबल वाजवलं.

“वाळवी?” बंदेनवाज म्हणाला. “चन्ना, वाळवी?”

चनबसप्पांची कानशिलं तापली. खाली बसावं आणि उठूच नये असं त्यांना वाटलं. मग कुठून काय अंगात आलं कोण जाणे, त्यांनी माइक पुन्हा ओढला.

“व्हय! खाल्लं वाळवीनं! बारा अंक खाल्ले! खाण्यासारखं होतं म्हणून खाल्लं! तुझ्या त्या पाटीला कुठली वाळवी तोंड लावती का, दाखव की!”

चनबसप्पा थांबले नाहीत.

“उडालं पान, व्हय, उडालं! त्याच्यामागं मी ह्या वयात अनवाणी पळालो. तुझं पान उडतं का कधी? तू पळालास का कधी त्याच्यामागं? फाटलं, तर माझ्या हातात फाटलं.” त्यांनी खिशातल्या चिंध्या काढून टेबलावर ठेवल्या. “हे शेवटचं पान. संपलं. पर मी कागदच म्हणणार. उद्या सगळी पेटी वाळवीनं खाल्ली तरी कागदच म्हणणार!”

टाळ्या कुणी सुरू केल्या ते कळलं नाही, पण बराच वेळ थांबल्या नाहीत. राजाबाईंनीही दोन वाजवल्या आणि मग आपण कुणाच्या बाजूच्या ते आठवून हात पदराखाली घेतले.

बंदेनवाज टाळ्या वाजवत नव्हता. तो चिंध्यांकडे पाहत होता. त्याचा चेहरा उतरला होता. मग त्याची नजर परातीकडे गेली, आणि त्याने ती झटकन दुसरीकडे वळवली.

“चन्ना,” तो हळूच म्हणाला, “परातीतलं ते… ते कागद न्हाय न रे?”

“न्हाय.”

“अन् स्क्रीन बी न्हाय.”

“पापड हाय तो.”

“मग माझी कसम पापडाला लागू होत न्हाय.”

चनबसप्पांनी विचार केला. स्टोअरकीपरच्या डोक्याने केला. “न्हाय होत,” ते म्हणाले. “माझी बी न्हाय. फोटो काढू देणार न्हाय म्हणालो ते कागदाचा. पापडाचं काय बोललो न्हवतो.”

बंदेनवाजने परातीवर टॅब धरला, फोटो काढला आणि बोटाने उलट्याचा सुलटा केला. पडद्यावर भला मोठा निशाणबाज उभा राहिला. एक डोळा दोन पापडांच्या फटीत गेला होता, पण बुरखा हातात होता आणि तोंड उघडं होतं. तीस माणसं उभी राहून बघत होती. बंदेनवाजने चष्मा पुसला.

“हा तर घड्याळजी!” तो म्हणाला. “गोष्टीतल्या चौकातला, ज्याला सगळे भित्रा म्हणायचे तो?”

“तोच.”

“मला वाटलंच होतं.”

“काय वाटलं होतं! सातवीत असताना फौजदार हाय म्हणून माझ्याशी भांडला होतास.”

बंदेनवाज हसला नाही. “घड्याळजी,” तो परत म्हणाला आणि खुर्चीवर बसला.

वादाचा निकाल काही लागला नाही. राजाबाईंचा लागला. नवे पापड सिद्धेश्वरीबाईंनी वाफवायचे, चनबसप्पांनी उन्हात बसून वाळवायचे, आणि बंदेनवाजने ते आपल्या गाडीतून वळसंगला पोचवायचे. “अन् ही परातीतली चार थोबाडं घेऊन जा कुणीतरी,” त्या म्हणाल्या. “माझ्या काय कामाची?” बंदेनवाजने ती रुमालात गुंडाळून नेली.

दोन दिवस चनबसप्पा छत्री घेऊन पापडांपाशी बसले होते. तिसऱ्या दिवशी फोन उघडला तर हौशी मंडळींच्या ग्रुपवर धुमाकूळ होता. बंदेनवाजने पापडाचा फोटो टाकला होता. नागपूर, बेळगाव, इंदूर, सगळीकडून एकच विचारणा होती. फोटो पोचला, छान आहे, पण मूळ पापड बघायला कुठं यायचं?

चनबसप्पांना आनंद मावेना. ते तसेच रिक्षा करून बंदेनवाजच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात गेले आणि फोन त्याच्या नाकापुढे धरला.

“बघ! तुझेच स्क्रीनवाले! फोटो हातात असून मूळ वस्तू मागतायत! आता बोल!”

बंदेनवाजने उठून दार लावलं, पंखा बंद केला आणि कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. आत लॉऱ्यांच्या कागदपत्रांच्या वर, दोन काचांच्या मध्ये, कापूस लावून चारांपैकी तो तोंडाचा पापड ठेवला होता. शेजारी डांबराच्या गोळ्या होत्या.

“दे बघू इकडं,” चनबसप्पांनी हात पुढे केला.

“हां हां, हात नक्को!” बंदेनवाज आडवा आला. “घामाचे हात तुझे. तिथूनच बघ.”

“अरे, माझं पान हाय ते!”

“पान तुझं होतं. पापड माझा हाय. एकच हाय जगात, मोडला तर परत कुठून आणू?”

चनबसप्पांनी मान वाकडी करून, टाचा उंचावून पाहिलं. काचेवर उजेड पडत होता, काहीच धड दिसेना. बंदेनवाजने कपाट बंद केलं आणि किल्ली दोनदा फिरवली.

चनबसप्पा खुर्चीवर बसले. समोरच्या टपरीतून दोन चहा आले. अर्धा चहा त्यांनी घोट घोट संपवला. मग इकडेतिकडे पाहून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, “बंदे, त्या ग्रुपवरचा फोटो लई बारीक दिसतोय. तुझ्याकडं मोठा असंल, तर तेवढा धाड की मला.”