राजा जरा तिरका झालाय

राजेशाही रद्द करा, असा ठराव मांडायला अर्धा तास उरला असताना सरपंच बाल्दोमेरोच्या हातून राजा पडला. ठरावाचा फलक लावायला त्याने शेजारी खिळा ठोकला, भिंत हादरली आणि राजाची तसबीर थेट खालच्या फुलदाणीवर. काचेचा चुरा, कागदाचा लगदा.

"बरं झालं, पीडा गेली!" बाल्दोमेरो म्हणाला.

"पीडा नाही, सभा गेली," चिटणीस इलुमिनादाबाई म्हणाल्या. "कायद्यानं सभागृहात दर्शनी जागी राजा हवा. विरोधकांनी नुसतं बोट दाखवलं की ठराव बाद."

राजाला घालवीन, असा मरत्या बापाला बाल्दोमेरोने शब्द दिला होता आणि उद्या तर तो पद सोडणार होता. पाच जणांच्या परिषदेत मतं कशीबशी तीन जमली होती: स्वतःचं, बेकरीवाल्या आस्कासिबाईचं आणि मेव्हण्याचं, म्हणजे सातुर्निनोचं.

आरागॉनच्या डोंगरातल्या त्या एवढ्याशा गावात राजाची दुसरी तसबीर एकच होती, सासूबाईंच्या जेवणाच्या टेबलामागे. दहा वर्षं सासुरवाडीला बाल्दोमेरो तिच्याकडे पाठ करूनच जेवत आला होता.

"या, जावईबापू! आज बरी आठवण झाली राजाची?"

"तासभर द्या. घालवायचा ठराव आहे, त्याच्याच समोर करावा लागतो."

"अहो, पण त्यानं तुमचं काय घोडं मारलंय? सत्ता नाही, मत नाही, दुसऱ्यानं लिहून दिलेलं वाचतो आणि गप्प बसतो. असा जावई मिळायला नशीब लागतं!"

तसबीर मिळाली, पण पाठोपाठ सासूबाईही आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. जावयाच्या हाताचा काय भरवसा!

बाल्दोमेरो झकास बोलला. बापाची आठवण निघाली तेव्हा त्याचे डोळेही भरून आले. मग त्याने हात वर केला, आस्कासिबाईने केला. सातुर्निनोचा हात कानापर्यंत आला आणि तिथेच खाजवत बसला.

"सातुर्निनो, हात!"

"दाजी, घरी आईकडे रोज ह्यांच्यासमोर जेवतो हो मी. तोंडावर कसं सांगू, निघा म्हणून?"

ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी पडला.

तसबीर छातीशी धरून बाल्दोमेरो चौकातून निघाला, तशी दारूच्या गुत्त्याबाहेरची म्हातारी मंडळी राजाला मान द्यायला खुर्च्या सरकवून उठली. सातुर्निनो मागून धावत आला.

"वाईट वाटून घेऊ नका, दाजी. भिंत मोकळी असती ना, दोन्ही हात वर केले असते!"

"भिंत मोकळी असती तर सभाच झाली नसती, बैला!"

"ओरडू नका," सासूबाई म्हणाल्या. "आणि नीट धरा, तिरका झालाय तो."

बाल्दोमेरोने मुकाट्याने राजा सरळ केला.