शिंगांची अट

सत्तावन साली, कार्तिकातल्या एका सोमवारी, आंजीच्या चावडीपुढे गुरांचे वेदनानिवारण शिबिर भरले. वेसण घालण्यापूर्वी गोऱ्ह्याच्या नाकाला बधिर करणारी सुई द्यावी, असा वरचा हुकूम होता. नत्थूजींच्या गोऱ्ह्याने सुई घेतली, नाकातून दोर आरपार गेला, आणि तो शेजारच्या गाडीतला कडबा खात राहिला. लोकांनी त्याला हार घातला.

त्याच दिवशी नत्थूजींची आठ वर्षांची नात सुलोचना हिचेही नाक टोचायचे होते. सोनार घरी येऊन बसला होता. गोऱ्ह्याचा थाट पाहून पोरीने आजीचा पदर धरला. "आजी, मले बी ते सुई पाह्यजे."

आजी देवकाबाई रोज गाईला घास दिल्याशिवाय पाणी घेत नसत. त्या दयेतला थोडा वाटा नातीलाही मिळावा, म्हणून त्या शिबिरातल्या गुरांच्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या.

"बाई, हे औषध फक्त जनावरांसाठी आहे."

"मंग इले जनावरात धरा ना जी. नाक तं नाकच हाये."

डॉक्टर नियमाचे माणूस होते. त्यांनी रीतसर चौकशी आरंभली. "काम करते?"

"झाडते, पाणी भरते, लहान्याले कडेवर घेते."

"खाते काय?"

"उरलं ते."

"कायम तुमच्याकडेच राहणार?"

"नाई जी. लग्नात देऊन टाकू."

पोरगी सर्व निकषांत बसत होती. डॉक्टरांनी सुई भरली. "शिंगं?"

देवकाबाईंनी पोरीच्या डोक्यावरचे केस बाजूला करून दाखवले.

"शिंगांशिवाय मंजुरी देता येत नाही, बाई."

"येतीन साहेब," नत्थूजी म्हणाले. "लग्नानंतर येतात. घरच्या अनुभवानं सांगून राह्यलो."

देवकाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"मग लग्नानंतर आणा," डॉक्टर म्हणाले, आणि भरलेली सुई वाया जाऊ नये म्हणून ती गोऱ्ह्याला आणखी एकदा दिली.

घरी आजीने सुलोचनाच्या तोंडात गुळाचा खडा ठेवला आणि सोनाराने तार घातली. किंकाळी चावडीपर्यंत गेली.

"जनावरावानी काऊन अरडून राह्यली वं?" नत्थूजी म्हणाले. नवसापायी लहानपणी त्यांचेही नाक टोचले होते. नत्थू हे नाव त्या नथीवरूनच पडलेले.

"मी जनावर असती तं कायले अरडली असती, आबाजी?" सुलोचना म्हणाली.

नत्थूजींचा हात आपल्या नाकाकडे गेला. वाचता वाचता आपलाही गेला असेल, तर तो तसाच वर नेऊन डोके चाचपून पाहावे. शिंगे लागल्यास त्वरा करावी. डॉक्टर अजून चावडीपाशीच आहेत.