फलाटावरचे बेघर गृहस्थ

तिरुमलराव रोज सकाळी सहाला कुक्करहळ्ळी तळ्यावर फिरायला जातात, अशी नागरत्नाबाईंची दोन वर्षं समजूत होती. डॉक्टरांनी सांगितलेले पाच किलोमीटर नवरा न कुरकुरता चालतो, हे त्या भजनमंडळात अभिमानाने सांगत.

रविवारी त्या मंडळातल्या सुमाला घेऊन म्हैसूर स्टेशनवरच्या जीवनाचं फोटो आणि व्हिडिओ प्रदर्शन पाहायला निघाल्या. "स्टेशनात बघायचं काय?" असं तिरुमलराव दोनदा म्हणाले, पण त्यांना यावंच लागलं.

हमाल, फुलवाल्या, चहावाले बघत तिघं शेवटच्या भिंतीशी आले. तिथल्या चार फुटी फोटोत तिरुमलराव बाकावर आडवे होते. चपला उशाशी, मफलर गळ्यावर घसरलेला, तोंड उघडं. खाली कन्नडमध्ये लिहिलं होतं, 'घर नाही. वाट पाहणारंही कुणी नाही.'

"इदेनु री," नागरत्नाबाई हळूच म्हणाल्या, "हे तुम्ही?"

"माझ्यासारखा कुणी असेल."

"स्वेटर मी विणलाय."

शेजारच्या पडद्यावर व्हिडिओ सुरू झाला. गाडी आली, गृहस्थ कुशीवर वळले. गाडी गेली, पुन्हा उताणे झाले. ते घोरणं ओळखायला नागरत्नाबाईंना चेहऱ्याची गरज नव्हती.

"आणि तळं?"

"घरी सहाला तुमची भजनाची तालीम असते. गाड्यांच्या आवाजात बरी झोप लागते." मग त्यांनी मान ताठ केली. "फलाट तिकीट काढून झोपतो. सुम्ने, फुकटात नाही."

सुमाने हे ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

तेवढ्यात एका अनोळखी बाईंनी तिरुमलरावांना फोटोवरून ओळखलं. त्यांनी डोळे पुसत पिशवीतली केळी त्यांच्या हातात ठेवली. आणखी चारजण जमले. एकजण ओळखीच्या वृद्धाश्रमाचा नंबर देऊ लागला. तिरुमलराव केळी परत करायला लागले, तर "स्वाभिमानी आहेत," असं मागून कुणीतरी म्हणालं.

नागरत्नाबाई तडक फोटो काढणारीला गाठायला गेल्या. ती पूजिता नावाची कॉलेजातली मुलगी होती. सगळं ऐकून ती कावरीबावरी झाली.

"सॉरी अम्मा. मी त्यांना विचारणार होते. पण तीन महिने रोज गेले, रोज ते झोपलेलेच."

"बेघर म्हणे. अग्रहारात आमचं स्वतःचं घर आहे. मी आहे. रोज सकाळी गरम इडली असते. हे लिही तिथं. आत्ताच."

"सगळं लिहू?"

"एक शब्द गाळू नकोस."

पूजिता प्रामाणिक मुलगी होती. दहा मिनिटांत फोटोखाली नवी पाटी लागली. 'हे तिरुमलराव. अग्रहारात यांचं स्वतःचं घर आहे. घरी पत्नी आहे. रोज सकाळी गरम इडली मिळते. तरीही ते रोज इथे येऊन झोपतात.'

गर्दी आता दुप्पट झाली. लोक पाटी वाचत, आणि मग तिरुमलरावांकडे नाही, नागरत्नाबाईंकडे बघत. केळीवाल्या बाईंनी तर उरलेला घडही तिरुमलरावांना देऊन टाकला.

"चला घरी," नागरत्नाबाई म्हणाल्या, आणि सुमाचा हात धरून मागे न बघता दाराकडे निघाल्या.

तिरुमलराव केळी सांभाळत मागोमाग निघाले, तोच एका वयस्कर गृहस्थांनी त्यांची बाही धरली. आपली बायको पुढच्या फोटोत गुंतली आहे याची त्यांनी आधी नीट खात्री करून घेतली, आणि मग हलक्या आवाजात विचारलं, "सर, तिथं अजून एखादा बाक रिकामा असतो का?"