हलक्या डोक्याचा पटर

धाकट्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षी मिस्त्रींनी मनाशी पक्कं केलं, की व्याह्यांना गोल्फमध्ये एकदा तरी हरवायचं. जन्मभर लोकांच्या घरांत फरश्या बसवलेला माणूस. हिरवळीवरून चेंडू भोकात ढकलायचा, त्यात कसली आलीय विद्या, असं ते चारचौघांत बोलूनही बसले होते.

व्याही गोल्फ क्लबच्या कचेरीतून निवृत्त झालेले. हृदय दुबळं झालं, तेव्हा डॉक्टरांनी मोठा खेळ बंद करून त्यांना फक्त सरावाच्या हिरवळीवर पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, चालवायची मुभा दिली. तेवढ्यावरही दर रविवारी ते मिस्त्रींना लोळवत. मिस्त्रींचा चेंडू भोक ओलांडून थेट पलीकडच्या झुडपात जाई.

"व्याहीबुवा, त्याला भोकात पाठवायचं होतं, परगावी नाही," व्याही म्हणत.

मिस्त्री हसत, पण आतून जळत. व्याह्यांचे आणखी किती रविवार उरलेत, हे घरात कुणी बोलत नसे. हरवायचा माणूस समोर आहे तोवरच जिंकण्यात गंमत, एवढं मिस्त्रींना कळत होतं.

ते बायकोला घेऊन स्वतःचा पटर घ्यायला दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "जड डोक्याचा देऊ की हलक्या?"

"जड डोकं आमच्या घरी आहेच," बायको म्हणाली.

दुकानदार भला. पसंत पडेपर्यंत बदलून देतो म्हणाला. मिस्त्रींनी स्वयंपाकघराच्या दारापासून बाथरूमपर्यंतच्या बोळात सराव मांडला. जड पटरने चेंडू बाथरूममध्ये गेला. मधल्याने बाथरूममधल्या बादलीवर आपटला. शेवटी सगळ्यांत हलका आणला आणि श्वास रोखून, मांजराला थोपटावं तसा तो चेंडूला लावला. चेंडू बरोबर उंबऱ्याशी थांबला. आठवडाभर रोज थांबला. मिस्त्री हरखले.

रविवारी त्यांनी हिरवळीवर तसंच थोपटलं. चेंडू वीतभर गेला आणि बसला.

व्याही वाकून बघत म्हणाले, "निघाला होता का हो हा? की निरोप घेतोय अजून?"

दिवसभर तेच. व्याही जिंकले आणि हसून हसून बाकावर टेकले.

घरी येऊन मिस्त्रींनी पटर कोपऱ्यात टाकला. "दुकानदाराने फसवलं."

बायको बोळ धुऊन काढत होती. झाडूने जरासं लोटलं, की पाणी आपसूक बाथरूमकडे धावत होतं. "दुकानदाराने कशाला? उतार आहे ना इथे. तुम्हीच दिलात, पाणी साचू नये म्हणून. वर तेव्हा मला आठवडाभर ऐकवत होतात, कसा बेमालूम साधलाय."

मिस्त्री पाण्याकडे बघत राहिले. मग फोन उचलून त्यांनी व्याह्यांना सगळं खरं सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं.

"येत्या रविवारी जड पटर आणा," व्याही म्हणाले. "आणि सराव अंगणात करा. तिथली फरशी तुम्ही बसवलेली नाही ना?"

"नाही."

"मग जिंकाल."

व्याही त्याच आठवड्यात, मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी गेले.